कानपूरच्या भंगारातून लिबरेटर उठवणाऱ्या हातांना

बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात 1948 साली राबलेले सर्व फिटर, पत्राकाम करणारे, इलेक्ट्रिशियन, इंजिनवाले आणि तपासनीस यांस,

सादर नमस्कार.

1989 पासून पुढची तीस वर्षं अमेरिकेत एक बी-24 लिबरेटर बाँबर गावोगावच्या विमानतळांवरून उडत असे. खाली उभं राहून मान वर करणाऱ्याच्या नजरेत आधी भरायचे ते पंख. टोकापासून टोकापर्यंत 33.5 मीटर लांब आणि लांबीच्या मानाने इतके अरुंद, की एवढं जाडजूड धड त्यांनी कसं पेललंय असा प्रश्न पडावा. मागे दोन लंबगोल उभ्या शेपट्या. आणि चार इंजिनांचा एकमेकांत मिसळलेला घुमारा, प्रत्येकी चौदा सिलिंडर, 1,200 अश्वशक्ती.

या विमानाचा अमेरिकी लष्करी क्रमांक 44-44052. टेक्ससमधल्या फोर्ट वर्थला ते ऑगस्ट 1944 मध्ये तयार झालं, त्याच वर्षी ब्रिटिश हवाई दलाकडे गेलं आणि युद्ध संपल्यावर कानपूरला टाकून दिलं गेलं. पुढे अमेरिकेत त्याचा जीर्णोद्धार झाला. त्यावर कामगार आणि स्वयंसेवकांचे मिळून जवळपास 97,000 तास लागले. त्या मंडळींचं कौतुक भरपूर झालं आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या हाती एक अखंड विमान पडलं ते तुमच्यामुळे, तुम्ही ते भारतीय हवाई दलासाठी दुरुस्त केलंत म्हणून. ही गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहोत.

कानपूरला तुमच्यासमोर काय होतं, ते या धंद्यातल्या माणसाला वाचतानाच कळतं. कराराप्रमाणे ब्रिटिशांना अमेरिकेने दिलेली अशी विमानं युद्धानंतर एकतर अमेरिकेला परत जायची किंवा मोडायची. म्हणून ती जाणूनबुजून निकामी केलेली होती: वैमानिकासमोरची मोजमापाची घड्याळं फोडलेली, धडाच्या पत्र्याला भोकं पाडलेली, इंजिनांत वाळू ओतलेली. वर दोन-तीन पावसाळे उघड्यावर.

यातली वाळू सगळ्यात वाईट. पत्र्याचं भोक डोळ्यांना दिसतं, वाळू दिसत नाही. ऑइलबरोबर ती सगळीकडे फिरते, सिलिंडरच्या भिंती ओरबाडते, बारीक ऑइलवाटा बुजवते आणि मऊ धातूच्या बेअरिंगमध्ये रुतून बसते. रुतलेला कण मग शाफ्टला कानशीसारखा घासत राहतो. ऑइल बदलून किंवा रॉकेलने धुऊन हे निघत नाही. इंजिन पूर्ण उघडावं लागतं. या इंजिनात सात-सात सिलिंडरच्या दोन रांगा असतात. प्रत्येक रांगेत एक मुख्य कनेक्टिंग रॉड आणि बाकीचे सहा त्याच्यावर जोडलेले. म्हणजे मुख्य रॉडचं एक बेअरिंग गेलं की सात सिलिंडर गेले. अशी चार इंजिनं एका विमानाला, आणि अशी चाळीसच्या आसपास विमानं.

पत्र्याचं काम वरून सोपं दिसतं. भोकावर ठिगळ मारलं की झालं, असं बघणाऱ्याला वाटतं. पण धक्का नुसता पत्र्याला बसलेला नसतो. आतल्या लांब पट्ट्या आणि गोल कडी वाकलेली असतात, आणि ती सरळ केल्याशिवाय वरचं ठिगळ पहिल्याच उड्डाणात सुरकुततं. जुना रिव्हेट काढताना डोक्याच्या जाडीइतकंच ड्रिल करायचं, डोकं उडवायचं आणि दांडा पंचने ठोकून बाहेर काढायचा. ड्रिल जरा खोल गेलं की भोक मोठं होतं आणि पुढच्या मापाचा रिव्हेट घालावा लागतो. पत्र्याच्या कडेपासून रिव्हेट त्याच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर हवा, नाहीतर कड फाटते. दांडा व्यासाच्या दीडपट बाहेर ठेवायचा. ठोकल्यावर तयार होणारं डोकं दीड व्यास रुंद आणि अर्धा व्यास उंच यायला हवं. चपटं आलं तर जास्त ठोकलाय, उंच राहिलं तर कमी. जास्त ताकदीचे रिव्हेट आधी भट्टीत तापवून पाण्यात विझवतात आणि लगेच बर्फासारख्या थंडीत ठेवतात. बाहेर काढल्यावर ते भराभर कडक होतात. काही प्रकारांना तासभर मिळतो, काहींना दहा-वीस मिनिटंच. वेळ टळल्यावर ठोकला तर डोक्याला चिरा जातात. विमानाचा कारभार अशा लाखो रिव्हेटवर चालतो, आणि रिव्हेट एकेकच ठोकावा लागतो.

रबराबद्दलही लिहायलाच हवं. लिबरेटरच्या पंखांत इंधनाच्या रबरी पिशव्या असतात. उन्हाळ्यात कोरडं पडलेलं रबर चिरतं, इंधन भरलं की पाझरतं, आणि वाफ बाँबच्या कप्प्यात साचते. या विमानाची ही जुनी खोड. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी कप्प्याचे दरवाजे थोडे उघडून वारा खेळवतात. हे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे गुंडाळत वर सरकतात, आणि कडेची खोबणी वाकली असली की मध्येच अडकतात. हायड्रॉलिकच्या नळ्यांची कथा तीच. सगळी सीलं नवी घातल्याशिवाय चाकं आत-बाहेर होण्याचा भरवसा नाही. वेग मोजणाऱ्या नळीत कुंभारीण माशीने घर केलं असेल, तर बाकी सगळं ठीक असूनही वैमानिकाला चुकीचा वेग दिसतो. उघड्यावर राहिलेल्या विमानात ही नळी आधी तपासायची.

ही विमानं कानपूरहून बंगळूरला, म्हणजे सरळ रेषेत सुमारे 1,500 किलोमीटर, उडवत आणली ती कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी. तुम्ही कामचलाऊ करून दिलेल्या यंत्रावर त्यांनी आपला जीव सोपवला. विमान-दुरुस्तीत एकमेकांवर याहून मोठा विश्वास कोणी टाकत नाही. या पत्रातले आभार त्यांनाही.

हे कसब तुमच्या हातात अचानक आलं नव्हतं. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये हा कारखाना उभा केला. युद्धात तो अमेरिकी हवाई दलाच्या दुरुस्तीचं मोठं ठिकाण झाला, आणि परदेशी विमानं उघडून पुन्हा जोडण्याचा सराव तिथे झाला. नोव्हेंबर 1948 मध्ये भारतीय हवाई दलाच्या 5 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला पहिली लिबरेटरं मिळाली. पुढे 6 क्रमांकाच्या स्क्वाड्रनने पुण्याच्या लोहगावहून ती समुद्रावर टेहळणीसाठी नेली, आणि 1968 पर्यंत ती सेवेत राहिली. तितकी वर्षं ती रोज पुसणाऱ्या, ग्रीस भरणाऱ्या लोहगावच्या जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांचंही ऋण आहेच.

त्यांच्या कामाचं एक उदाहरण देतो. असं इंजिन काही वेळ बंद राहिलं की ऑइल खालच्या सिलिंडरांत उतरतं. म्हणून सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवतात आणि पाती मोजतात. मध्ये अडलं तर जोर लावायचा नाही. खालचे प्लग काढून ऑइल वाहू द्यायचं. जोर लावला किंवा तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तो त्या दिवशी न तुटता पुढे कधीतरी हवेत तुटतो. मग इंजिनं सुरू करण्याचा क्रम तीन, चार, दोन, एक. तीन नंबर आधी, कारण हायड्रॉलिकचा पंप त्याच इंजिनावर आहे. वीस वर्षं हे रोज नीट करत राहणं सोपं नाही.

अमेरिकेत अठरा हजारांहून जास्त लिबरेटरं बनली आणि युद्ध संपताच त्यांतली बहुतेक वितळवली गेली. आज संग्रहालयांत जी मोजकी पूर्ण विमानं आहेत, त्यांतली बरीच तुमच्या हातची आहेत. एक 1968 साली कॅनडाला गेलं आणि ओटावात आहे. त्याच्या बदल्यात मिळालेलं लायसँडर हे छोटं जुनं विमान दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आलं. एक 1969 मध्ये भारतातून थेट अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनपर्यंत उडत गेलं. एक 1974 मध्ये ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाकडे उडत पोचलं. एक पालमला आपल्याकडेच आहे. ही विमानं अर्ध्या जगावरून स्वतःच्या इंजिनांवर गेली, याहून मोठा तपासणी-अहवाल तुम्हाला कोणी देऊ शकत नाही.

44-44052 मात्र सुटं करून 1982 च्या सुमारास ब्रिटनला आणि 1984 नंतर तिथून अमेरिकेला गेलं. पुन्हा जोडून 10 सप्टेंबर 1989 ला ते उडालं. त्यावर आजवर तीन वेगवेगळी रंगसंगती आणि तीन नावं आली, सगळी अमेरिकी तुकड्यांच्या स्मरणार्थ. धडावर तुमचं नाव कुठेही नाही. तिथे रोज पाहणाऱ्यांना ते ठाऊक असण्याचं कारणही नाही.

म्हणून आम्ही लिहितो: वाळू धुऊन काढल्याबद्दल, पट्ट्या सरळ केल्याबद्दल, कडक झालेला रिव्हेट टाकून नवा घेतल्याबद्दल मनापासून आभार.

आपले ऋणी,
विमान-दुरुस्तीच्या कामातले काही मराठी लोक