पकडलेला कार्बन किती काळ पकडून ठेवणार?

प्रति,
मा. पर्यावरण व ऊर्जा मंत्री

माननीय महोदय,

सविनय नमस्कार.

धुराड्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पकडून त्यापासून मेथॅनॉल (इंधन म्हणूनही वापरता येणारे एक अल्कोहोल), युरिया किंवा बांधकामाचे ठोकळे तयार करणाऱ्या प्रकल्पांना सरकारी तिजोरीतून मदत द्यावी, ही मागणी आता सगळीकडे जोर धरते आहे आणि तशी फाइल आज ना उद्या आपल्याही टेबलावर येईल. रासायनिक अभियंता म्हणून माझी बरीच वर्षे वायू शोषून घेणाऱ्या मनोऱ्यांच्या सहवासात गेली आहेत, त्यामुळे या तंत्रज्ञानाला विरोध करण्यासाठी मी लिहीत नाही. माझी विनंती एवढीच आहे, की मदत ठरवताना किती टन वायू पकडला एवढेच न पाहता तो किती वर्षे हवेबाहेर राहणार आणि त्यापायी नव्याने किती सोडला गेला, हेही पाहावे.

शाळेतला चुन्याच्या निवळीचा प्रयोग आपण केला असेल. नळीने फुंकर मारली की निवळी दुधाळ होते, कारण उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट होतो; वायू डोळ्यांदेखत घन होतो. फुंकत राहिलो तर ते दूध पुन्हा निवळते, ही गंमत बहुतेक जण विसरतात. पण खरी मेख वेगळीच आहे. तो चुना चुनखडक भाजून मिळवलेला असतो आणि भाजताना १०० किलो खडकामागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. म्हणजे पेल्यात जेवढा पकडला, तेवढा भट्टीत अगोदरच सुटलेला. आणि भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळाच. हिशेब पेल्यापासून सुरू केला तर प्रयोग यशस्वी, खाणीपासून सुरू केला तर तोट्याचा. मोठमोठ्या प्रकल्पांच्या अहवालांतही हिशेब नेमका कुठून सुरू केला आहे, ते मी सर्वांत आधी शोधतो.

पकडण्याची नेहमीची पद्धत जुनी आहे. अमाइनच्या, म्हणजे अमोनियाच्या कुळातल्या रसायनांच्या, द्रावणाने वायू शोषून घेण्याचे पेटंट १९३० चे आहे. धूर मनोऱ्यात खालून वर जातो, द्रावण वरून खाली येते, आणि नंतर ते द्रावण सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की शुद्ध वायू सुटतो. खर्च असतो तो या तापवण्यात, कारण त्यासाठी लागणारी वाफ वीजनिर्मितीतूनच काढून घ्यावी लागते. कोळशाच्या धुरात हा वायू १२ ते १५ टक्के असतो, तर मोकळ्या हवेत जेमतेम ०.०४ टक्के. हवेतून एक टन मिळवायचा तर त्यातला कणन् कण पकडला असे धरले तरी सुमारे १३ लाख घनमीटर हवा यंत्रातून न्यावी लागते, म्हणून धुराडी उघडी असताना हवा गाळण्याला अग्रक्रम देणे मला पटत नाही.

आता मेथॅनॉलकडे वळतो, कारण सर्वांत आकर्षक प्रस्ताव त्याचेच असतात. एक टन मेथॅनॉलसाठी सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि १९० किलो हायड्रोजन लागतो. हा हायड्रोजन पाण्याचे विद्युत विघटन करून मिळवायचा तर साधारण १० हजार युनिट वीज खर्च होते आणि हाती येणाऱ्या मेथॅनॉलमध्ये जेमतेम साडेपाच हजार युनिटइतकी ऊर्जा उरते. ही वीज कोळशाची असेल, तर युनिटमागे किलोभराच्या आसपास या हिशेबाने दीड टनाहून कमी वायू वापरण्यासाठी नऊ-दहा टन नवा वायू हवेत सोडलेला असतो. आइसलँडमध्ये स्वार्टसेंगी येथे २०१२ च्या सुमारास असा कारखाना (पुढे वाढवून वर्षाला ४,००० टन क्षमतेचा) उभा राहिला, तो तिथे भूगर्भातील उष्णतेची वीज हाताशी होती म्हणून. शिवाय मेथॅनॉल इंधन म्हणून जाळले की पकडलेला सगळा वायू काही आठवड्यांत परत हवेत जातो. त्याने खनिज तेलाची जागा घेतली तर तेवढा फायदा जरूर मोजावा, पण त्याला साठवण म्हणू नये.

युरियाचे तर विचारायलाच नको. जगात वर्षाला सुमारे २३ कोटी टन कार्बन डायऑक्साइड उद्योगांत वापरला जातो, त्यातला निम्म्याहून अधिक युरियात जातो आणि शेतात पडल्यावर काही दिवसांतच बाहेर येतो. दुसरा मोठा वाटा जुन्या विहिरींतून आणखी तेल उपसण्याचा आहे. इंधने आणि उद्योगांतून दरवर्षी सुटणारा वायू मात्र ३,७०० कोटी टनांच्या घरात आहे, तेव्हा मालाची बाजारपेठ हा ढीग गिळेल, असे कोणी सांगितले तर कृपया भागाकार करून पाहावा.

तरीही पैसा घालण्याजोग्या जागा आहेत. सिमेंटच्या भट्टीत चुनखडकातूनच वायू सुटतो, स्वच्छ वीज आणली तरी तो थांबत नाही, म्हणून पकडण्याची यंत्रणा आधी तिथे बसवावी. पोलाद कारखान्यांतली धातुमळी (धातू वितळवताना वेगळा होणारा खडकासारखा टाकाऊ भाग) आणि बेसॉल्टसारखे खडक यांत वायूचे कार्बोनेट होते आणि ते हजारो वर्षे टिकते. या खडकांतील कॅल्शियम-मॅग्नेशियम सिलिकेटच्या, म्हणजे कार्बन नसलेल्या खनिजांच्या, रूपात असल्यामुळे चुन्याच्या निवळीसारखा उलटा हिशेब त्यांना लागू पडत नाही. आइसलँडमधील हेल्लिशेइदी येथे पाण्यात विरघळवलेला वायू बेसॉल्टमध्ये सोडला, तेव्हा त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत दगड झाल्याचे संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले. टनामागे सुमारे २५ टन पाणी लागते, हेही त्याच कागदावर लिहावे लागेल.

म्हणून अनुदानाच्या नियमात टिकाऊपणाची अट घालावी: शतकाहून अधिक काळ बंदिस्त राहणाऱ्या टनाला पूर्ण रक्कम, आणि जाळल्या जाणाऱ्या किंवा शेतात विरघळणाऱ्या मालाला फक्त त्याने वाचवलेल्या खनिज इंधनापुरती. वीज, वाफ आणि वायू या तिन्हींचे मीटर स्वतंत्र यंत्रणेने तपासावेत, त्यांचे मासिक आकडे सर्वांना पाहता यावेत, आणि ज्या महिन्याचे आकडे आले नाहीत त्या महिन्याचे पैसे रोखून धरावेत.

आपला विश्वासू,
एक रासायनिक अभियंता