क्षयरोगाची जुनी तिकिटं पाकिटावरून सोडवू नका

संपादक महोदय,

जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात कधीकधी पाकिटाच्या पाठीवर एक रंगीत चिटुकलं तिकीट सापडतं. टपालाचं मूल्य त्याला नसतं, बहुधा एक साल आणि दोन आडव्या रेघांचा लाल क्रॉस असतो. क्षयरोगाविरुद्ध निधी उभारण्यासाठी विकलेलं हे ‘टीबी सील’. हाती आलं की बरेच जण ते पाण्यात भिजवून सोडवतात, वहीत लावतात आणि पाकीट रद्दीत टाकतात. ते पाकीटही जपावं, यासाठी हे पत्र.

या मोहिमेची कल्पना डेन्मार्कमधल्या टपाल कर्मचाऱ्याची, आयनार होल्बोल यांची. नाताळात टपालाचे ढीग उपसताना त्यांना सुचलं, की प्रत्येक पत्रावर अगदी स्वस्त असं एक जादा तिकीट लागलं तर आजारी मुलांसाठी पैसा उभा राहील. डिसेंबर 1904 मध्ये दिवंगत राणी लुईझ यांचं चित्र असलेली तिकिटं विक्रीला आली आणि पहिल्याच मोसमात 40 लाखांहून अधिक खपली. औषध नव्हतंच तेव्हा. क्षयावरच्या पहिल्या प्रभावी औषधाचा, स्ट्रेप्टोमायसिनचा, शोध 1943 चा. विश्रांती, मोकळी हवा, सकस आहार एवढाच उपचार, आणि त्यासाठी लागणारी आरोग्यधामं बांधायला पैसा हवा. या तिकिटांच्या पैशातून कोल्डिंग इथलं आरोग्यधाम 1911 मध्ये सुरू झालं.

अमेरिकेतला 1907 चा हिशेब मुद्दाम सांगण्यासारखा आहे. डेलावेअर राज्यातल्या एका छोट्या आरोग्यधामाला तगण्यासाठी 300 डॉलर हवे होते. पत्रकार जेकब रीस यांचा डॅनिश तिकिटांवरचा लेख वाचून समाजसेविका एमिली बिसेल यांनी 40 डॉलर उसने घेतले, 50 हजार तिकिटं छापली आणि तिथल्याच विल्मिंग्टन शहराच्या टपाल कचेरीत एका सेंटला एक अशी विकायला ठेवली. पंचवीस-पंचवीसच्या पुड्यांवर छापलं होतं : ही तिकिटं कोणतंही टपाल नेणार नाहीत, पण कोणतंही टपाल त्यांना नेईल. तरी विक्री रेंगाळली. मग फिलाडेल्फियाच्या ‘नॉर्थ अमेरिकन’ या वृत्तपत्राने हा विषय उचलून धरला, स्वतः 50 हजार तिकिटांची मागणी नोंदवली, आणि 300 च्या जागी सुमारे 3,000 डॉलर जमले. एका वृत्तपत्राने मनावर घेतलं म्हणून ही मोहीम देशभर गेली, हे आपल्याला सांगताना मला विशेष आनंद होतो.

त्या पहिल्या अमेरिकन तिकिटाचे दोन प्रकार आहेत. आधीच्यावर फक्त नाताळच्या शुभेच्छा. विक्री डिसेंबरनंतरही चालावी म्हणून नंतरच्यावर नववर्षाच्याही घातल्या. खुणेवरूनही काळ कळतो. अमेरिकेत 1907 च्या पहिल्या तिकिटापासूनच रेडक्रॉसची खूण होती, 1919 मध्ये ती आणि दोन आडव्या रेघांचा दुहेरी क्रॉस अशा दोन्ही खुणा एकत्र आल्या आणि 1920 पासून फक्त दुहेरी क्रॉस राहिला. (दुहेरी क्रॉस सुचवला तो 1902 मध्ये बर्लिनच्या क्षयरोग परिषदेत फ्रान्सच्या डॉ. सर्सिरोन यांनी.) भारतात टीबी असोसिएशनने 1950 पासून तिकीटविक्री सुरू केली.

आता पाकिटाचं महत्त्व. पुढे तिकिटांचे कोरे ताव टपालाने घरोघर पाठवून देणगी मागायची पद्धत रुजली. पुष्कळ ताव तसेच पडून राहिले, म्हणून कोरी तिकिटं आजही सहज मिळतात. पत्रावर लागून खरोखर प्रवास केलेलं तिकीट मात्र कमी सापडतं. ते कोणत्या गावातून, कोणत्या तारखेला, कोणाला गेलं हे पाकीटच सांगतं. सर्वांत मोलाचं पाकीट ते, ज्यावर टपालाचा शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर उमटलेला असतो. जुन्या पाकिटावर मागाहून कोरं तिकीट डकवून फसवणूक होते. तिथे शिक्क्याची रेघ तिकिटाच्या कडेशी तुटते, किंवा शिक्क्यातलं साल तिकिटावरच्या सालाच्या आधीचं निघतं. भिंगाखाली कड पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये. नुसता शिक्का नाही म्हणून पाकीट खोटं ठरवू नये. पाठीवरच्या तिकिटाला तो अनेकदा लागतच नसे.

भिजवण्यात दुसरा धोका रंगाचा. या तिकिटांची छपाई स्वस्तातली असे. काहींचा लाल रंग पाण्यात फुटतो आणि पांढऱ्या भागावर पसरतो, तो पुन्हा निघत नाही. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही टाळावं. पाकीट आम्लविरहित कागदाच्या खिशात, शक्यतो आडवं ठेवावं. डिंक लागलेले कोरे ताव दमट हवेत एकमेकांना चिकटतात, म्हणून प्रत्येक दोन तावांमध्ये ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद घालावा आणि वर वजन ठेवू नये. चिकटलेच तर ओढू नयेत, जाणकाराकडे न्यावेत. आतलं पत्र असेल तर तेही त्याच पाकिटाबरोबर ठेवावं. नोंद करायची ती वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलीने.

– एक तिकीटसंग्राहक वाचक