बीटी शंटमधला टी कुणाचा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत निळ्या बाळांच्या, म्हणजे हृदयाच्या जन्मजात दोषामुळे निळसर पडणाऱ्या बाळांच्या, पहिल्या ऑपरेशनवर लेख आला होता, मी तो दोनदा वाचला. विषय घेतलात ते फार बरं केलंत, पण सगळं श्रेय एकट्या सर्जनना म्हणजे आल्फ्रेड ब्लेलॉकना देऊन टाकलंय आणि हेलन टॉसिग यांचा उल्लेख नुसता 'सहकारी महिला डॉक्टर' असा अर्ध्या ओळीत. ते वाचून खरंच वाईट वाटलं, कारण या बाईंचं आमच्या घरावर ऋण आहे.

माझ्या मुलीला जन्मापासून टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा हृदयाचा दोष होता, त्यात फुफ्फुसांकडे रक्त कमी जातं. चालायला लागली तशी ती दहा-बारा पावलं पळायची आणि मध्येच उकिडवी बसायची, गुडघे छातीशी घट्ट धरून, मान खाली घालून, मिनिटभर तशीच, मग उठून परत खेळायला. तिची आजी म्हणायची पोरगी लाडावलीय, कडेवर घ्यावं म्हणून करते. आम्हालाही तसंच वाटायचं. नखं जरा निळसर दिसायची तर म्हणायचो गार पडली असतील. पहिल्यांदा हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधीच विचारलं, ही खेळता खेळता खाली बसते का हो? मी बघतच राहिलो. त्यांनी मग समजावून सांगितलं की असं बसलं की पायांकडे जाणारं रक्त अडतं, तिकडचा दाब वाढतो आणि जास्त रक्त फुफ्फुसांकडे वळतं, म्हणजे त्या एवढ्याशा जिवाने आपला उपाय आपणच शोधून काढला होता आणि आम्ही तिला रागवत होतो.

आधी शंट, म्हणजे जास्त रक्त फुफ्फुसांकडे जावं म्हणून रक्तवाहिन्यांची केलेली जोडणी, आणि नंतर मोठं ऑपरेशन असं ठरलं. वॉर्डात सगळे बीटी शंट, बीटी शंट म्हणायचे, तेव्हा मी एका सिस्टरना विचारलं की हे बीटी म्हणजे काय, त्यांनी सांगितलं ब्लेलॉक आणि टॉसिग. तेव्हापासून मी टॉसिगबाईंबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

बाईंचा जन्म 1898 चा, अमेरिकेतल्या केंब्रिज गावचा. वडील हार्वर्डमध्ये अर्थशास्त्राचे प्रोफेसर, आई हेलन 11 वर्षांची असताना टीबीने गेली. लहानपणी वाचताना अक्षरं लागायची नाहीत, डिस्लेक्सिया होता, वडिलांनी शेजारी बसून चिकाटीने शिकवलं. डॉक्टर व्हायचं ठरवलं तर हार्वर्ड बायकांना वैद्यकीय डिग्रीच द्यायचं नाही, एका विषयाच्या वर्गाला बसू दिलं ते पण कोपऱ्यात, मुलांपासून लांब. पुढे बोस्टन युनिव्हर्सिटीत अलेक्झांडर बेग नावाच्या प्रोफेसरनी त्यांच्या हातात बैलाचं हृदय ठेवलं आणि यावर काम कर म्हणून सांगितलं, तिथून त्यांना हृदयाची गोडी लागली. एमडी मात्र बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून, 1927 साली.

1930 मध्ये डॉ. एडवर्ड्स पार्क यांनी हॉपकिन्सच्या मुलांच्या दवाखान्यातलं, हॅरिएट लेन होममधलं, हृदयाचं क्लिनिक त्यांच्या हातात दिलं. आणि साधारण त्याच सुमारास त्यांना ऐकू येईनासं झालं! हृदयाच्या डॉक्टरला ऐकू येत नाही म्हणजे काय, जरा विचार करा. त्यांनी आवाज मोठा करणारा स्टेथोस्कोप वापरला, समोरच्याचे ओठ वाचायला शिकल्या, आणि मुख्य म्हणजे मुलाच्या छातीवर तळहात ठेवून ठोके आणि थरथर हातानेच ओळखायला लागल्या. जोडीला फ्लुरोस्कोप, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर हलतं हृदय बघायचं, मूल असं वळवून तसं वळवून. जन्मजात दोष असलेल्या मुलांसाठी तेव्हा कुणाकडेच इलाज नव्हता, पण या वर्षानुवर्षं बघत राहिल्या, टिपून ठेवत राहिल्या, मूल गेलं तर त्याचं हृदय तपासून आपला अंदाज बरोबर होता का ते पडताळत राहिल्या.

त्यातूनच तो शोध लागला, आणि तुमच्या लेखात नेमकं हेच आलेलं नाही. त्यांच्या लक्षात आलं की निळी बाळं हृदय थकून मरत नाहीयेत, फुफ्फुसाला रक्तच पुरत नाहीये म्हणून मरतायत. बाळ पोटात असताना डक्टस नावाची एक जास्तीची रक्तवाहिनी असते, जन्मल्यावर ती बंद होते. या बाळांमध्ये ती उघडी राहिली तोवर मूल बरं असायचं आणि बंद झाली की निळं पडायचं. 1938 मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी एका मुलीचा उघडा राहिलेला डक्टस ऑपरेशनने बंद करून दाखवला, तेव्हा बाई त्यांच्याकडे गेल्या की तुम्हाला बंद करता येतो तर नवा तयार पण करता येईल ना. ग्रॉसना त्यात रस वाटला नाही. 1941 मध्ये ब्लेलॉक हॉपकिन्सला आले, मग बाईंनी हाच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला.

आता तिसरं नाव, जे लेखात अजिबातच नाही, व्हिव्हियन थॉमस. कृष्णवर्णीय सुतार, डॉक्टर व्हायचं म्हणून पैसे साठवलेले ते महामंदीत बँकेबरोबर बुडाले, मग ब्लेलॉक यांच्या लॅबमध्ये नोकरी धरली. हाताकडे जाणारी धमनी फुफ्फुसाच्या धमनीला कशी जोडायची हे कुत्र्यांवर ऑपरेशनं करून त्यांनी बसवलं. 29 नोव्हेंबर 1944 ला 15 महिन्यांच्या मुलीवर पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा ते ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कसा घ्यायचा ते सांगत होते. ती मुलगी काही महिन्यांनी गेली, हे पण लिहायला हवं. पण पुढच्या काही ऑपरेशनांत एका 6 वर्षांच्या मुलाचे जांभळे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. 1945 मध्ये पेपर छापला गेला, त्यावर नावं दोनच, ब्लेलॉक आणि टॉसिग. थॉमस यांना हॉपकिन्सने मानद डॉक्टरेट दिली ती 1976 साली. आता बरेच डॉक्टर ब्लेलॉक-थॉमस-टॉसिग शंट म्हणतात, म्हणजे टी एक नाही, दोन आहेत.

शंटनंतरही बाई थांबल्या नाहीत. 1962 मध्ये जर्मनीत हात-पाय नसलेली बाळं जन्मतायत हे एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळल्यावर त्या वयाच्या 63 व्या वर्षी स्वतः तिकडे गेल्या, दवाखाने पालथे घातले, आणि गरोदर बायकांनी घेतलेली थॅलिडोमाइड नावाची गोळी बाळांना किती घातक आहे हे अमेरिकेत परत येऊन सगळ्यांना सांगितलं, संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. अमेरिकेच्या औषध खात्यात फ्रान्सेस केल्सी यांनी ती गोळी आधीच अडवून धरली होती, त्याच वर्षी तिथला औषधांचा कायदा कडक झाला. आणि एवढ्या बाईंना हॉपकिन्सने पूर्ण प्रोफेसर केलं ते 1959 मध्ये, शंटनंतर 15 वर्षांनी! अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्षा त्याच. रिटायर झाल्यावर पण लिहित राहिल्या, शेवटी शेवटी तर पक्ष्यांची हृदयं तपासत होत्या. मे 1986 मध्ये मैत्रिणींना मतदानाला सोडायला गेल्या असताना गाडीच्या अपघातात गेल्या, 88 पूर्ण व्हायला चार दिवस होते.

माझी मुलगी आता कॉलेजला जाते, जिने चढते, फक्त बरगडीखालचा व्रण तेवढा आहे. तिला तुमचा लेख दाखवला तर तिनेच विचारलं, यात बाई कुठायत?

म्हणून विनंती आहे की पुढच्या रविवारी छोटीशी का होईना चौकट टाका, तिघांचीही नावं घाला, आणि जमलं तर टॉसिगबाईंचा एखाद्या मुलाला तपासतानाचा फोटो छापा.

आपला,
एका निळ्या बाळाचा बाप