मादी मारण्याची परवानगी

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझी पत्रे उत्तरावाचून पडून आहेत आणि तू रागावला असशील, याची मला पूर्ण कल्पना आहे. गोचिडीमुळे झालेला लाइमचा आजार बरा झाला, प्रकृती ठीक आहे. आज लिहायलाच हवे, कारण यावर हसण्याचा हक्क फक्त तुझा: घरामागच्या माझ्या रानात हरिणी मारायला मी एका शेजाऱ्याला लेखी परवानगी दिली आहे. होय, तुझ्याच बांधावर बसून, तुझ्याच आईच्या हातची भाकरी खात ज्याने पिके खाणाऱ्या रोह्यांची, म्हणजे नीलगायींची, वकिली केली, त्या मीच.

लगेच गुलाल उधळू नकोस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या राज्यातले पांढऱ्या शेपटीचे हरीण जवळजवळ संपले होते. 1895 मध्ये गेम कमिशन, म्हणजे राज्याचे वन्यजीव खाते, स्थापन झाले, पुढे परराज्यांतून हरणे आणून सोडली गेली आणि 1907 मध्ये मादी मारण्यावर कायद्याने बंदी आली. लांडगे आधीच नाहीसे झालेले. कळप असे फुगले की 1920 च्या दशकात मादीची शिकार सरकारलाच पुन्हा खुली करावी लागली. नर कितीही मारले तरी उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि धडधाकट मादी बहुधा जुळी पाडसे देते. शिकाऱ्याला मात्र भिंतीवर लावायला शिंगे हवी असतात. हे भांडण इथे शंभर वर्षे चालू आहे, आपले त्यापुढे काहीच नाही.

माझे मत फिरले ते वनखात्याने उंच जाळीने बंद केलेला जंगलाचा एक तुकडा पाहून. आत ओकची रोपे कमरेपर्यंत आलेली. बाहेर दोन पावलांवर नुसते नेचे, कारण या जातीचा नेचा हरणे खात नाहीत. वरच्या म्हाताऱ्या ओकांना खाली वारसच नाही.

काळजी आहे ती पुढची. शेजारी सत्तरी ओलांडलेला, त्याच्या मुलांना शिकारीत रस नाही, आणि अशी घरे वाढत आहेत. 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामी लागतो, परवान्यांचे पैसेही त्याच कामी येतात. शिकारी आटले तर माद्या कोण मारणार आणि पैसा कोण देणार? चिडून तू म्हणशील, मग आमच्या रोह्यांनाही हाच न्याय लाव. तिथे मी अजून अडतो. रोही हरीण नव्हे, हे राहू दे. पण तुझ्या बोरच्या जंगलात वाघ आहे, इथे मोठ्या हरणांना आवर घालणारा तसा शिकारी प्राणी उरलेला नाही. शिवाय इथली शिकार दरवर्षी, अंदाज बांधून, ठरावीक परवान्यांवर होते. 2016 मध्ये बिहारात मोकामा भागात बाहेरचे नेमबाज आणून काही दिवसांत दोनशेहून अधिक रोही मारले, तशी एकदाची मोहीम मला व्यवस्थापन वाटत नाही. आणि तुझे काका तारेत वीज सोडतात, ती तर शिकारही नव्हे. त्यात उद्या गावचाच माणूस सापडेल. हे त्यांना माझ्या नावाने सांग, नाहीतरी ते मला शिव्याच देतात.

शेजाऱ्याने मांस देऊ केले होते. मी नको म्हटले, तेव्हा ते गरजूंच्या अन्नछत्राला जाईल असे तो म्हणाला.

वहिनींना नमस्कार. सुमीचा निकाल, विहिरीचे काम आणि कुंपणाला सौम्य झटका देणाऱ्या झटका मशीनच्या अनुदानाचे काय झाले, ते कळव. यंदाची तूर किती वाचली, हेही लिही. भांडायचे असेल तर आकड्यांसह भांड.

तुझा,
श्रीकांत