आजी, पेटी जरा कॅमेऱ्याकडे वळवा

मा. संपादक,
स.न.

कालच्या रविवार पुरवणीतला आपत्तीकाळातल्या समाजमाध्यमांवरचा लेख वाचला. सेवाभावी संस्था एका पोस्टवर किती झटपट मदत उभी करतात, याचं पानभर कौतुक आहे. लेखक स्वतः कधी पुरात अडकलेले दिसत नाहीत. देव करो आणि न अडकोत.

2019 च्या ऑगस्टात कुरुंदवाडला चहूबाजूंनी पाण्याने वेढलं, तेव्हा आम्ही जयसिंगपुरात एका शाळेत मुक्कामाला होतो. एक संस्था शिध्याच्या पेट्या घेऊन आली. त्यांचे उपकारच. सासूबाईंनी पेटी घेतली, तर फोटो काढणारा मुलगा म्हणतो, "आजी, परत द्या जरा. आता घेताना पेटी इकडं वळवा, नाव दिसत नाही." सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पेटी पुन्हा घेतली. दारात आलेल्याला पसाभर जोंधळे घातल्याशिवाय कधी न पाठवलेली बाई ती! रात्री फेसबुकवर फोटो: 'आजींच्या चेहऱ्यावर हसू फुलले'. हसू कसलं डोंबलाचं? कवळी घरी पाण्यात राहिली होती, म्हणून तोंड घट्ट मिटलं होतं.

बरं, तिथेच संपावं की नाही? 2021 ला चिपळूण बुडालं, त्या आवाहनावर सासूबाई. 2025 च्या सप्टेंबरात सोलापूरकडे सीना नदीला पूर आला, तर देणगीच्या क्यूआर कोडच्या डोक्यावर पुन्हा सासूबाई, त्याच लुगड्यात. पुण्याहून नणंदेचा फोन, "आई सोलापूरला कधी गेली?" संस्थेच्या पेजवर विचारणा केली, तर उत्तरादाखल नुसते जोडलेले हात आले. फोटो आहे तिथेच आहे.

आमच्याकडे पावसाळ्यात पंचगंगेवरच्या, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा मेसेज मोबाइलवर फिरतो. तारीख, वेळ, फूट-इंच, विषय संपला. इशारा 39 फुटांना, धोका 43 फुटांना. तेवढ्यावर माणसं जनावरं कधी हलवायची ते ठरवतात. संस्थांच्या पोस्टवर मात्र सगळं असतं, तारीख तेवढी नसते. 'तातडीने कपडे हवेत' ही 2019 ची हाक पाणी उतरल्यावरही फिरत होती. शिरोलीजवळचा महामार्ग मोकळा झाला आणि ट्रकच्या ट्रक आले. उसवलेले कुर्ते, लग्नातले घागरे, जोडीदार हरवलेले बूट. त्यांचा ढीग आम्हीच उपसला. घरात घोटाभर गाळ असताना आम्हाला हवे होते खराटे, फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि म्हशींना वैरण. वैरणीचा फोटो बहुधा चांगला येत नसावा!

तेव्हा विनंती एवढीच, की पोस्टवर तारीख घाला, काय पाठवू नये तेही लिहा, गरज भागली की पोस्ट काढून टाका. आणि माणसाचा फोटो टाकण्याआधी त्याला विचारा. यात खर्च काही नाही.

आपणही यातून सुटत नाही, संपादकसाहेब. त्या लेखाबरोबर छातीभर पाण्यातल्या एका बाईंचा फोटो आहे, खाली 'संग्रहित' एवढंच. कुठला, कुठल्या सालचा? त्याही कुणाच्या तरी सासूबाई असतीलच.

जाता जाता: पुरवणीतल्या शब्दकोड्याची उत्तरं हल्ली छापून येत नाहीत. तेवढं बघावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कुरुंदवाड
(नाव छापू नये. पुढच्या पुरात पेटी घ्यायची आहे.)