साहेब आज तिकडं

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेत घरपट्टी भरतो. घरावर एक खोली चढवायची आहे, म्हणून परवान्यासाठी चार हेलपाटे झाले. चारही वेळा अभियंत्यांच्या टेबलावर चष्म्याची रिकामी डबी, खुर्चीवर टॉवेल, आणि शिपायाचं ठरलेलं वाक्य: "साहेब आज तिकडं." तिकडं म्हणजे शेजारच्या नगरपरिषदेत. तिथं माझा मेहुणा राहतो. त्याला तिथला शिपाई सांगतो, साहेब इकडं आहेत.

याला आपल्या खात्यात 'अतिरिक्त कार्यभार' म्हणतात. म्हणजे माणसं वाटून घेणं आम्हाला नवं नाही. नाही ते फक्त पाळीचं वेळापत्रक. नदीकाठच्या सहकारी पाणी संस्थांत एका जॅकवेलवर, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीवर, कितीतरी शेतं भिजतात, पण आज कुणाची पाळी हे पोराटोरांनाही पाठ असतं. चुकली, तर रात्री दोनला पाणी सोडणाऱ्याच्या दारात माणूस उभा. साहेबांच्या पाळीचं तसं पत्रक दोन्ही कार्यालयांबाहेर लागू द्या. अभियंत्यांच्या संवर्गातली पदं राज्याची, बदल्या आपल्या खात्याच्या, म्हणून हे आपल्याला लिहितोय.

यंत्रांचंही तेच. एकट्या शिरोळ तालुक्यात जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाड अशा तीन नगरपरिषदा आहेत. ड्रेनेज साफ करणारी जेटिंग गाडी तिघींनी मिळून एक घेतली तर काय बिघडलं? खर्च मिळकतींच्या संख्येवर वाटावा. डिझेल कुणाचं, चालकाचा पगार कुणाचा, हे मात्र आधी ठरावात लिहून घ्यावं. भांडणं तिथंच होतात.

आगीचा बंब आणि बोटी यात धरू नका. 2019 आणि 2021 च्या पुरात या तालुक्यातले रस्ते पाण्याखाली होते. एका गावचा बंब दुसऱ्या गावाला पोचणार कसा? दाखल्यांची खिडकीही जिथल्या तिथं राहू द्या. मृत्यूच्या दाखल्यासाठी म्हातारीला एसटी धरायला लावणार असाल, तर ती बचत नको. आणि बचतीच्या नावाखाली मंजूर पदंच गिळू नका, ही विनंती.

शुक्रवारी पाचव्यांदा जातोय. मेहुण्याला आधीच फोन केला. साहेब त्याच्याकडंही नाहीत म्हणे; आता तिसऱ्या गावचाही कार्यभार आलाय.

आपला,
एक करदाता, जि. कोल्हापूर