‘इथेही अडकलं’ या दोन शब्दांसाठी आभार

दादा,

सर म्हणू नका म्हणालात म्हणून दादाच म्हणते. थँक्यू तर मी तेव्हाच म्हटलं होतं, पण ते घाईघाईत, अर्धं लक्ष सर्व्हरकडे ठेवून टाइप केलेलं, आणि तेवढ्याने माझं समाधान होत नाहीये. आता सगळं सुरळीत चालू आहे तरी विषय निघाला की अजून घसा भरून येतो, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. दोन सॉकेटचे, म्हणजे दोन प्रोसेसर चिप बसणारे सर्व्हर, नेहमीसारखं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट केलं, रीबूट दिला आणि बूट होता होता स्क्रीन जागच्या जागी गोठली. पॅनिक, म्हणजे कर्नल कोसळल्याचा मेसेज नाही, एरर नाही, आपोआप रीस्टार्टही नाही, नुसतं ढिम्म. ग्रबमधून, म्हणजे बूट होतानाच्या मेनूतून, जुना कर्नल निवडला की तेच मशीन मस्त चालतंय, दिवसभर फुल लोड घेतंय. आणि एकच मशीन नाही हो, त्या मॉडेलची सगळीच नव्या कर्नलवर एकाच जागी थांबत होती. केवढी मोठी खूण होती ती! पण ज्यांना सपोर्टचे पैसे दरवर्षी वेळेवर जातात त्यांना ती दिसली नाही, कारण त्यांनी बघितलंच नाही. आधी म्हणे रॅम खराब असेल. सगळ्या मशीनची रॅम एकाच अपडेटनंतर खराब कशी होईल, आणि जुना कर्नल टाकला की बरी कशी होईल? मग म्हणे ओएस परत टाका. मग म्हणे लॉग पाठवा. अहो, डिस्क माउंट व्हायच्या आधी मशीन थांबतंय, लॉग लिहिला जाणार कुठे? ते मेसेज तोवर फक्त मेमरीत असतात, पॉवर काढली की गेले. हे सगळं नीट लिहून कळवलं तर उत्तर काय, लॉग जोडल्याशिवाय तिकीट पुढे जात नाही. आणि शेवटी, तुमच्याच सेटअपमध्ये काहीतरी गडबड असणार. हे वाक्य मला फार लागलं, कारण इतक्या वेळा ऐकल्यावर माणूस स्वतःच्या डोळ्यांवर पण शंका घ्यायला लागतो.

तुम्ही मात्र पहिल्याच निरोपात लिहिलंत, जुना कर्नल डिफॉल्ट करून ठेवा, लोकांचं काम चालू राहू दे, मग आपण निवांत बघू. ‘आपण’ म्हणालात. नंतर बूट लाइनमधला, मेसेज लपवणारा ‘क्वाएट’ काढायला लावलात, बूटचे मेसेज केबलने दुसऱ्या मशीनवर दाखवणारा सिरियल कन्सोल जोडायला लावलात आणि एवढंच विचारलंत की शेवटची ओळ कोणती दिसते. लॉग नाही मागितला, ओळ मागितली. ती होती ‘बूटिंग एसएमपी कॉन्फिगरेशन’ (एसएमपी म्हणजे अनेक प्रोसेसर एकत्र चालवणं) आणि तिच्याखाली सीपीयूंचे नंबर सुरू होऊन मध्येच तुटलेले. तेव्हा तुम्ही समजावलंत की मशीन चालू होतं तेव्हा एकच प्रोसेसर, म्हणजे चिपमधला एक कोअर, काम करत असतो आणि तोच बाकीच्यांना जागं करतो. पूर्वी एकेकाला उठवून तो आला का बघायचं, मग पुढचा. २०२३ मध्ये आलेल्या ६.५ कर्नलपासून एक्स८६ वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरवर, बरेचसे एकदम उठवायची सोय आली, बूटचा वेळ वाचावा म्हणून, आणि फर्मवेअरने, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरने, कुठे कच्चं काम करून ठेवलं असेल तर ते अशा वेळीच उघडं पडू शकतं.

मग म्हणालात बूट लाइनमध्ये ‘मॅक्ससीपीयूज=१’ देऊन एकाच कोअरवर बूट करून बघा, ‘नोएसएमपी’ देऊ नका, कारण त्याने आयओ-एपिक (उपकरणांचे इशारे प्रोसेसरकडे पोचवणारी चिप) पण बंद होतं आणि एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की काहीच कळत नाही. एका कोअरवर नवा कर्नल सरळ लॉगिनपर्यंत गेला! रॅमवाली थिअरी तिथेच संपली.

पण दादा, मला ज्याच्याबद्दल हे पत्र लिहायचंय ते यातलं काहीच नाही. ते त्यानंतर आलेल्या फोटोबद्दल आहे. तुमच्या लॅबच्या कोपऱ्यात त्याच मॉडेलचं एक जुनं मशीन पडून होतं, ते तुम्ही रात्री उशिरा बाहेर काढलंत, डिस्क लावलीत, माझाच कर्नल त्यावर टाकलात आणि मॉनिटरचा फोटो पाठवलात. थोडा हललेला, काचेवर ट्यूबलाइटची चमक, आणि नंबर जिथे तुटले होते त्या ओळीखाली तुमचं बोट. खाली लिहिलं होतं, ‘इथेही अडकलं. तुमचं बरोबर आहे.’

मी तो फोटो मोठा करकरून किती वेळ बघत बसले होते. अजून उपाय सापडला नव्हता, सर्व्हर अजून जुन्याच कर्नलवर होते, पण माझं अर्धं ओझं तिथेच उतरलं. कुणीतरी माझं म्हणणं खरं धरलं होतं, आणि नुसतं धरून न थांबता स्वतःचे हात घाण करून बघितलं होतं. ना करार, ना बिल, ना तुमचा माझा काही संबंध! समोरच्याचं ऐकून घ्यायचं, तो सांगतोय ते खरं असू शकतं असं धरून चालायचं, याला ज्ञान लागत नाही हो, माणुसकी लागते, आणि ज्यांच्याकडे दोन्ही आहे अशी माणसं आमच्या या क्षेत्रात अजून आहेत म्हणून रात्री-अपरात्री अडकलेल्या माझ्यासारख्यांचं निभतं. नवीन मुलांना तुम्ही ज्या शांतपणे उत्तरं देता तेही मी बघितलंय, ‘एवढं पण माहीत नाही का’ हा सूर तुमच्या लिहिण्यात एकदाही दिसला नाही.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. बूट लाइनमध्ये ‘सीपीयूएचपी.पॅरलल=०’ हा पॅरामीटर देऊन एकदम उठवणं बंद केलं, प्रोसेसर पुन्हा एकेक करून उठायला लागले आणि दोन्ही सॉकेट पूर्ण वर आले. बग रिपोर्ट तुम्हीच तयार केलात, अर्धी मेहनत तुमची, तरी ‘रिपोर्टेड-बाय’, म्हणजे बग कुणी कळवला, त्या ओळीसमोर नाव माझं टाकलंत, मला न विचारता. त्याचं काय बोलू, घरी सगळ्यांना दाखवून झालंय.

आणि एक, त्या मॉडेलचं नवीन फर्मवेअर आलंय. मी टेस्ट मशीनवर टाकून बघितलं, तो पॅरामीटर काढून टाकला तरी सगळे सीपीयू पटापट वर येतात. तुमच्या लॅबमधल्या त्या मशीनला पण चालेल, फाइल आणि माझ्याकडचा पूर्ण बूट लॉग दोन्ही पाठवतेय, यावेळी लॉग आहे! टाकलंत की कळवा, आणि कुठे अडकलंच तर आधी मला सांगा, मी इथे लगेच लावून बघते.

मनापासून आभार, दादा.